व्यावसायिक डच शिकताना मराठी कामाला लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून इंजिनिअरिंग करून आइंडहोव्हनला सप्लाय चेनमध्ये एमएससी करणाऱ्या एका विद्यार्थ्याची डच भाषेची ए२ पातळी (ए१ ते सी२ या सहा युरोपीय पातळ्यांतली दुसरी; तिच्या पुढे बी१, बी२) पूर्ण झाली आहे आणि शिक्षण संपायला दीड वर्ष उरलं आहे. युनिव्हर्सिटीच्या भाषा केंद्रात 'झाकलक नेडरलान्ट्स', म्हणजे व्यावसायिक डचचा कोर्स मिळतो. तो आत्ताच घ्यावा का, आणि इथे सगळेच इंग्रजी बोलतात तर हा खटाटोप करावा का?

खटाटोप जरूर करा. तो कोर्स मात्र आत्ता घेऊ नका.

मी २००४ साली सांगलीहून इथे आले. रॉटरडॅमजवळच्या एका वाहतूक कंपनीत सहा वर्षं प्लॅनिंगचं काम केलं. नंतर एनटी२, म्हणजे दुसरी भाषा म्हणून डच शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि तेव्हापासून विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना शिकवते आहे. त्यामुळे ऑफिसातली डच आणि वर्गातली डच, दोन्ही मी जवळून पाहिल्या आहेत. डच शब्द मी कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिते. त्यात 'ख' दिसला की तो घशातून, घासून काढायचा. तुम्ही ब्राबांट प्रांतात आहात, तिथे हाच आवाज बराच मऊ होतो. उत्तरेकडे तो खरखरीत असतो. दोन्ही चालतात.

आधी 'सगळे इंग्रजी बोलतात' याबद्दल. तुमच्या भागातल्या मोठ्या चिप आणि इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत मीटिंगची भाषा इंग्रजी असते, हे खरं. पण तुमचा विषय सप्लाय चेन आहे. तुमचं काम पडणार गोदामातल्या मुकादमाशी, ट्रक ड्रायव्हरशी, पुरवठादाराच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्या बाईंशी. त्यांनाही कामापुरतं इंग्रजी येतं, पण माल अडकला, कोणावर तरी ठपका यायची वेळ आली, की माणूस आपल्या भाषेत शिरतो. नेमक्या त्याच वेळी तुम्हाला समजायला हवं. दुसरं म्हणजे इथे लहान-मध्यम कंपन्या भरपूर आहेत, त्यांना 'एम-का-बे' म्हणतात. त्यांच्या जाहिराती, करार, कामाचे नियम, सगळं डचमध्ये असतं. पदवीनंतर नोकरी शोधायला जे 'झूकयार' मिळतं ते एकच वर्षाचं. त्या वर्षात तुम्ही फक्त इंग्रजी कंपन्यांपुरते अडकून राहिलात तर निम्मी दारं न ठोठावताच बंद होतात.

आता कोर्स का थांबवायचा ते सांगते. झाकलक नेडरलान्ट्समध्ये मेल, तक्रारीचं पत्र, मीटिंग, फोन, प्रेझेंटेशन, मुलाखत असं सगळं असतं. ए२ वरचा विद्यार्थी त्यात साचे पाठ करतो. 'हीरबेइ स्तूर इक यू', सोबत आपणास पाठवत आहे, हे त्याला झोपेतही येतं. पण फोनवर समोरच्याने साच्याबाहेरचं एक वाक्य टाकलं की तो गप्प होतो आणि समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. साचे पेलायला आधी स्वतःची वाक्यं उभी करता आली पाहिजेत, आणि ते बी१ पूर्ण झाल्यावर जमायला लागतं. इथला १ ईसी, म्हणजे अभ्यासक्रमाचं एक क्रेडिट, म्हणजे २८ तास, म्हणजे ५ ईसीचा विषय १४० तासांचा. माझ्या वर्गांतला अनुभव असा की ए२ ते बी१ साठी नियमित अभ्यास करणाऱ्याला साधारण तेवढेच तास लागतात, घरचा अभ्यास धरून. बी१ ते बी२ ला जवळजवळ दुप्पट. तुमच्याकडे तीन सेमिस्टर आहेत. पहिल्यात बी१, दुसऱ्यात बी२ कडची वाट, तिसऱ्यात झाकलक, आणि जमलं तर त्याच वेळी डच बोलणाऱ्या लहान कंपनीत 'स्ताझ', म्हणजे इंटर्नशिप.

हे वेळापत्रक तुम्हाला कोणीही देईल. मला जे मनापासून सांगायचं आहे ते वेगळं आहे. तुम्ही डच इंग्रजीतून शिकता आहात. पुस्तक इंग्रजीत समजावतं, शिक्षक इंग्रजीत समजावतात, ॲप इंग्रजीतून भाषांतर मागतं. शब्दांसाठी इंग्रजीचा आधार चांगला आहे, दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या आहेत. पण वाक्य कसं चालतं, विनंती कशी मऊ होते, आकडे कसे ऐकायचे, यात मराठी तुमच्या जास्त उपयोगाची आहे. हे मला कोणी सांगितलं नाही म्हणून माझी दोन वर्षं वाया गेली.

पहिल्या नोकरीत माझं काम होतं फोनवर ट्रकचे तपशील घ्यायचे. ड्रायव्हर सांगायचा, 'डॉक फाइफ-एन-फेअरतख'. फाइफ म्हणजे पाच, फेअरतख म्हणजे चाळीस. मी मनात इंग्रजी चालवत होते, म्हणून पाच ऐकला की आधी पाच लिहायचे, मग चार. ४५ च्या जागी ५४. एकदा एक पूर्ण गाडी चुकीच्या डॉकवर दोन तास उभी राहिली. मग एका रात्री लक्षात आलं की हे तर सरळ 'पंचेचाळीस' आहे. पाच आधी, चाळीस नंतर. आपण बालवाडीपासून असेच आकडे ऐकतो. दुसऱ्या दिवसापासून मी डच आकडा ऐकून मनात मराठी आकडा म्हणायला लागले आणि चुका थांबल्या. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस यांच्यापाशी जपा. तिथे डच लोक 'नऊ आणि वीस' म्हणतात, आपण 'तिसाला एक कमी' म्हणतो.

वेळेचंही तसंच. डचमध्ये 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच. शब्दशः पाहिलं तर 'अर्धा तीन'. इंग्रजीच्या सवयीने कान त्याला साडेतीन समजतो आणि माणूस तासभर उशिरा पोचतो. पण आपला 'अडीच' कुठून आला आहे? संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. अगदी तोच हिशोब: दोन पूर्ण झाले, तिसरा अर्ध्यावर आहे. 'आन्डरहाल्फ' म्हणजे दीड. त्यातल्या 'आन्डर'चा जुना अर्थ 'दुसरा', आणि आपला दीड 'द्व्यर्ध' वरून, दुसरा अर्धा. हजारो मैलांवरच्या दोन भाषा एकाच पद्धतीने मोजतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवलं होतं. 'क्वार्ट फोर द्री' म्हणजे पावणेतीन, 'क्वार्ट ओव्हर द्री' म्हणजे सव्वातीन. एकच वळण नवीन आहे: 'टीन फोर हाल्फ द्री', अडीचला दहा कमी, म्हणजे दोन वीस. हे मोठ्याने म्हणून म्हणून बसवा, भेटीच्या वेळा अशाच ठरतात.

आकड्यांत आणखी दोन खड्डे आहेत. लिहिताना हजारानंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम: १.२५०,५० म्हणजे साडेबाराशे युरो आणि पन्नास सेंट. आणि 'मिल्यार्ट' म्हणजे आपला अब्ज, इंग्रजीतलं बिलियन. डच 'बिल्यून' त्याच्या हजार पट असतं. स्लाइडवर हे चुकलं तर तोंडी माफी मागून भागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डच माणूस तोंडावर बोलतो, असं तुम्ही इथे येण्याआधीपासून ऐकलं असेल. मतं देताना ते खरं आहे. तुमच्या प्रेझेंटेशनवर 'हे मला पटलं नाही' असं तो सरळ सांगेल. पण काही मागताना, काम सांगताना, आठवण करून देताना तो फार मऊ बोलतो. हा मऊपणा 'प्लीज'मध्ये नसतो, वाक्यात पेरलेल्या लहान शब्दांमध्ये असतो: एव्हन, मार, टोख, होर, वेल. इंग्रजीत यांना प्रतिशब्द नाहीत, म्हणून पुस्तकं यांच्यावरून घाईने पुढे जातात आणि विद्यार्थी ते गाळून बोलतो. व्याकरण बरोबर, पण ऐकायला हुकूम सोडल्यासारखं.

मराठी माणसाला यांची ओळख करून द्यावी लागत नाही. 'जरा बघता का?' यातला 'जरा' म्हणजे एव्हन: 'कुन्ट यू एव्हन केइकन?' 'तेवढं पाठवून द्या' मधलं 'तेवढं' सुद्धा एव्हनच. पाहुण्याला आपण 'बसा ना' म्हणतो, ते 'खा मार झिटन'. 'तुम्ही येणार आहात ना?' हे 'यू कॉम्ट टोख?' 'पाठवलंय हं' मधला धीर देणारा 'हं' म्हणजे होर: 'इक हेप हेट खस्तूर्ट, होर'. आणि कोणी म्हणालं की तुमची मेल मिळालीच नाही, तर आपण म्हणतो 'पाठवली होती की!' तो 'की' म्हणजे वेल: 'इक हेप हेम वेल खस्तूर्ट'. जोड्या शंभर टक्के जुळत नाहीत, पण कान तयार असतो. मी मराठी विद्यार्थ्यांना सांगते की मेल लिहिण्याआधी तीच विनंती घरच्या मोठ्या माणसाला मराठीत कशी कराल ते मनात म्हणा, मग डचमध्ये बसा. निकाल इतर विद्यार्थ्यांपेक्षा लवकर दिसतो.

याची किंमत मी मोजली आहे. एका ग्राहकाला मी लिहिलं होतं, 'यू मूट द डॉक्युमेन्टन फोर फ्रेइडाख स्तूरन', म्हणजे तुम्हाला शुक्रवारआधी कागद पाठवलेच पाहिजेत. माझ्या डोक्यात साधं इंग्रजी वाक्य होतं. ग्राहकाने थेट माझ्या वरिष्ठांना फोन केला. त्यांनी माझ्याशेजारी बसून वाक्य बदललं: 'वेइ ऑन्टफांगन द डॉक्युमेन्टन ख्राख उइटरलक फ्रेइडाख'. कागद उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत मिळाल्यास आनंद होईल. अट तीच, मुदत जवळपास तीच, पण समोरच्याचा मान राहिला. 'मूट' हा शब्द ग्राहकाच्या मेलमधून काढून टाका. त्याच्या जागी 'झाउ यू ... कुन्नन', कराल का, हे बसवा.

उलट बाजूही ओळखा. 'दात वॉर्ट लास्तख', ते जरा अवघड जाईल, असं कोणी म्हणालं तर तो बहुतेक वेळा नकार असतो. आपल्याकडे 'बघू' म्हणतात तसं. पुन्हा पुन्हा विचारत बसू नका, दुसरा पर्याय मांडा.

वाक्यरचनेबद्दल थोडं. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं: 'मॉर्खन हेप इक खेन टेइट', उद्या मला वेळ नाही. हे सरावानेच बसतं. पण 'ओमडाट' (कारण), 'की', 'जर' जोडलं की क्रियापद शेवटी जातं, आणि तिथे इंग्रजी बोलणारे अडखळतात. आपण नाही अडखळायचं, कारण आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच असतं. तुटणाऱ्या क्रियापदांमध्येही, म्हणजे ज्यांचा एक तुकडा वाक्याच्या शेवटी जातो त्यांच्यात, तोच धीर कामी येतो. 'हेइ झेख्ट झेइन कॉम्स्ट टू' म्हणजे तो येण्याचं कबूल करतो, 'हेइ झेख्ट झेइन कॉम्स्ट आफ' म्हणजे तो येणं रद्द करतो. फरक शेवटच्या एका लहानशा शब्दात. निम्मं ऐकून 'ओके' म्हणणाऱ्याची फजिती होते. मराठीत आपण शेवटपर्यंत थांबून ऐकतो, कारण 'नाही' शेवटी येऊ शकतं. ती सवय डचमध्येही तशीच ठेवा.

लांबलचक शब्दांना घाबरू नका, ते समास आहेत. 'फोरराटबहेर' म्हणजे साठा-व्यवस्थापन. शेवटचा शब्द मुख्य, आधीचा त्याचं विशेषण, आपल्या तत्पुरुषासारखा. लिंगही शेवटच्या शब्दावरून. इंग्रजी 'द'च्या (the) जागी डचमध्ये लिंगाप्रमाणे 'द' किंवा 'हेट' येतं: फोरराटला 'द' लागतं, बहेरला 'हेट', म्हणून अख्ख्या शब्दाला 'हेट'. उजवीकडून वाचायची सवय लावा. उच्चारात 'व'ची काळजी करू नका, डच 'व' आपल्या 'व'च्या अगदी जवळ आहे. प आणि क बोलताना हवा सोडायची नसते, तेही आपल्याला आयतं येतं. 'उइ' आणि 'एउ' या स्वरांवर मात्र आरशासमोर वेळ घाला.

मेलच्या बाबतीत मी कडक आहे. आपण शाळेत सा.न.वि.वि. पासून सुरुवात करायला शिकलो, मग कॉलेजात 'रिस्पेक्टेड सर' आणि लांब प्रस्तावना. इथे पहिल्या दोन ओळींत काय हवं ते यावं. अनोळखी किंवा औपचारिक माणसाला 'खआख्त', मग 'हेअर' (श्री.) किंवा 'मफ्राउ' (श्रीमती) आणि आडनाव, ओळखीच्याला 'बेस्त' आणि नाव, खाली 'मेट फ्रीन्डलक ख्रूट'. 'द फ्रीस' सारख्या आडनावात नुसतं आडनाव लिहिताना 'द' मोठ्या अक्षराने, पुढे पहिलं नाव असेल तर लहान अक्षराने, हा नेदरलँड्सचा नियम. बेल्जियममध्ये कागदोपत्री जसं असेल तसंच ठेवतात. आणि मुदतीचे तीन शब्द नीट वेगळे करा. 'टॉट एन मेट फ्रेइडाख', जे मेलमध्ये दोन अक्षरं आणि तिरकी रेघ असं लिहितात, म्हणजे शुक्रवार धरून. 'फोर फ्रेइडाख' म्हणजे शुक्रवारच्या आधी. नुसतं 'टॉट' असेल तर विचारून घ्या.

'यू' की 'येइ', म्हणजे तुम्ही की तू, हा प्रश्न वर्गात दरवेळी येतो. ऑफिसात सहकाऱ्यांशी, बॉसशीसुद्धा, 'येइ' चालतं. आपल्याला पंचावन्न वर्षांच्या बॉसला अरे-तुरे करणं जड जातं, मलाही गेलं. ग्राहकाशी आणि पहिल्या मेलमध्ये 'यू' ठेवा आणि समोरचा 'येइ'वर आला की तुम्हीही या.

मीटिंगमध्ये पहिले सहा महिने शेवटच्या 'रॉन्टफ्राख'ची वाट बघा. शेवटी प्रत्येकाला विचारतात, काही राहिलं का? तिथे तयार करून आणलेलं एक वाक्य डचमध्ये बोला. मग कोणी तरी कामांची यादी, 'आक्सीपुन्टन', लिहितं. ती लिहायची जबाबदारी स्वतःहून मागा आणि पाठवण्याआधी सहकाऱ्याला दाखवून दुरुस्त करून घ्या. इतकी चांगली फुकटची शिकवणी दुसरी नाही. आणि जेवणाच्या टेबलावर बसा. बारा-साडेबाराला सगळे पाव-चीजचा डबा उघडतात आणि मीटिंगमध्ये इंग्रजी बोलणारी माणसं तिथे डच बोलतात. डबा घेऊन आपल्या भारतीय गटात जाऊन बसणं सोपं असतं, पण आठवड्यातून तीन दिवस तरी तो मोह टाळा.

ते इंग्रजीवर उतरतात याचं काय? ते मदत म्हणून करतात, पण तुमचं नुकसान होतं. एक वाक्य तयार ठेवा: 'झुलन व नेडरलान्ट्स प्राटन? इक विल ख्राख ऊफनन.' डच बोलूया का, मला सराव करायचा आहे. बहुतेक जण आनंदाने थांबतात. हेगला गेलात तर वेगळाच अनुभव येईल. तिथे सुरिनामहून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून, आलेले हिंदुस्तानी मोठ्या संख्येने राहतात. त्यांचे पूर्वज १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारमधून सुरिनामला मजूर म्हणून गेले होते. त्यामुळे दुकानदार तुमचा चेहरा पाहून, तुम्हाला त्यांच्यातलेच समजून, थेट डचमध्येच सुरू होईल. ती संधी घ्या.

सरावासाठी: मुलांसाठीच्या बातम्या, 'येउख्टजुर्नाल', रोज दहा मिनिटं ऐका. भाषा साधी असते पण वेग खरा असतो. सार्वजनिक ग्रंथालयात 'तालकॅफे' भरतं, तिथे निवृत्त डच लोक येतात आणि ते घाई करत नाहीत. शब्द 'द' की 'हेट' हे शंकेचं झालं की अंदाज करू नका, शब्द त्याच्या 'द' किंवा 'हेट'सकट पाठ करा, जसं आपण 'ती खुर्ची, ते टेबल' असं एकत्रच शिकलो.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही. नेदरलँड्समध्ये राहायचं असेल तर सरकारी एनटी२ परीक्षा द्या: पहिला कार्यक्रम बी१ चा, दुसरा बी२ चा, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, वेगवेगळे देता येतात. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातून चालणाऱ्या परदेशी भाषा म्हणून डचच्या प्रमाणपत्रात 'व्यावसायिक' असा बी२ चा स्वतंत्र प्रकार आहे, तो झाकलक कोर्सशी चांगला जुळतो. बेल्जियमच्या फ्लांडर्स भागात नोकरी बघणार असाल तर डच आणखी गरजेची, कारण तिथे १९७३ पासून कंपनीने कर्मचाऱ्यांशी करायचा कागदोपत्री व्यवहार, काही अपवाद सोडून, डचमध्येच करावा असा कायदा आहे. नेदरलँड्समधल्या मुलाखतीत मात्र प्रमाणपत्रापेक्षा तुम्ही फोन कसा उचलता हे आधी कळतं. फोन उचलताना 'हॅलो' म्हणू नका, 'मेट' आणि पुढे आपलं नाव सांगा.

आता पुढच्या आठवड्यातलं काम. भाषा केंद्राची पातळी-चाचणी द्या. आदल्या रात्री जुने धडे घोकून जाऊ नका. घोकून वरच्या वर्गात बसलेले विद्यार्थी चौथ्या आठवड्यात माझ्याकडे येऊन खालचा वर्ग मागतात आणि तोवर तो भरलेला असतो. निकाल ए२ च्या खाली आला तरी तोच वर्ग घ्या. आणि चाचणी घेणाऱ्या शिक्षकांशी पहिलं वाक्य डचमध्ये बोला, ते कितीही तोडकंमोडकं असलं तरी.